वाळूज ते चाकण : क्वालिटीच्या नोकरीसाठी ऑनलाइन प्रोफाइल बांधताना ठेवलेल्या नोंदी

5 जानेवारी 2025, रविवार

आजपासून सुरुवात. आधी माझी स्थिती लिहून ठेवते, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्याशी ताडून बघता येईल. 2017 ला मेकॅनिकल डिप्लोमा, त्यानंतर एक वर्ष अप्रेंटिस. मग अडीच वर्षं ठेकेदाराच्या रोलवर, आणि जानेवारी 2021 पासून वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कायम. आम्ही प्रेस पार्ट आणि मशिनिंगचे पार्ट बनवतो. मी इनकमिंग इन्स्पेक्शनपासून सुरुवात केली. आता कस्टमर कम्प्लेंट, पीपीएपी (नवीन पार्टसाठी कस्टमरची मंजुरी घेण्याची प्रक्रिया) आणि सप्लायरकडचे ऑडिट बघते. मला चाकण पट्ट्यात सप्लायर क्वालिटीचं, म्हणजे पार्ट पुरवणाऱ्यांचा दर्जा बघायचं, काम हवं आहे. वाळूजमध्ये नोकरी ओळखीने कळते, एका कॅन्टीनमधली बातमी दुसऱ्या कॅन्टीनला पोचते. चाकणला मी कोणालाच ओळखत नाही, म्हणून हा खटाटोप.

लिंक्डइनचं खातं 2019 चं. फोटो नाही, ओळखीचे 61 जण. नोकरी डॉट कॉमवरची माहिती 2021 नंतर हातच लावलेली नाही.

आज चार तास एक सुंदर दिसणारा रेझ्युमे बनवण्यात गेले. दोन रकाने, फोनच्या नंबरआधी फोनचं चित्र, आणि कौशल्यांच्या पट्ट्या: एमएसए (मोजमाप किती भरवशाचं आहे ते तपासणं) 80 टक्के, एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच विचार करणं) 70 टक्के. तो अपलोड केल्यावर साइटने त्यातून स्वतः माहिती उचलली आणि सगळी खिचडी झाली. डावीकडच्या रकान्यातली कौशल्यं उजवीकडच्या कंपनीच्या नावात घुसली, पदाच्या जागी "मराठी, हिंदी, इंग्रजी" आलं. शिवाय एमएसए 80 टक्के येतं म्हणजे नेमकं काय येतं, असं मुलाखतीत कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. चार तास वाया.

7 जानेवारी

सेकंड शिफ्टला जायच्या आधी वर्डमध्ये साधा, एका रकान्याचा रेझ्युमे केला. चित्रं नाहीत, तक्ते नाहीत, पट्ट्या नाहीत. दीड तास लागला. या वेळी माहिती बरोबर जागी गेली.

9 जानेवारी

शॉप फ्लोअरवरच्या एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून रेझ्युमे लिहून देणाऱ्या एकाला 1,800 रुपये दिले. दोन दिवसांत मजकूर आला. भाषा चकचकीत, पण त्यात मी कुठेच नाही. मेहनती, टीममध्ये मिसळणारी, ध्येयवादी. तोच परिच्छेद बँकेत काम करणाऱ्यालाही चालला असता. त्याची चूक आहे असं मी म्हणत नाही; मी त्याला फक्त पदांची यादी दिली होती, काम काय केलं ते सांगितलंच नव्हतं. पैसे मात्र गेले.

12 जानेवारी, रविवार

लिंक्डइनवर अनुभवाची पानं भरली. जुन्या नोंदीतल्या तारखा चुकल्या होत्या, म्हणून ती काढून नवीन टाकली. ही आत्तापर्यंतची सगळ्यात महाग चूक, म्हणून सविस्तर लिहिते.

अनुभव भरायच्या खिडकीतच एक बटण असतं: हा बदल तुमच्या ओळखीच्यांना कळवायचा का? माझं चालू राहिलं. मला वाटलं मी फक्त तारीख दुरुस्त करते आहे. साइटच्या हिशेबाने मी नवीन पद जोडलं होतं, आणि तशी बातमी सगळ्यांना गेली.

14 जानेवारी

संक्रांत. सकाळी डिपार्टमेंटमध्ये तिळगूळ वाटताना आमचे सर म्हणाले, "मॅडम, अभिनंदन! कुठे चाललात?" आजूबाजूला सात-आठ जण. मी सांगितलं की जुनी माहिती दुरुस्त करत होते. ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. दिवसभर पोटात गोळा. सर नंतर काही बोलले नाहीत, पण पुढच्या आठवड्यातल्या सप्लायर ऑडिटला मला न पाठवता दुसऱ्याला पाठवायचं ठरवलं. त्याचा याच्याशी संबंध असेल किंवा नसेल.

म्हणून प्रोफाइलला हात लावण्याआधी तीन गोष्टी करून घ्या. एक, बदल कळवायचं ते बटण बंद करा, आणि प्रत्येक वेळी ते बंदच आहे ना हे बघा. दोन, नोकरी शोधत असल्याची खूण फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवा. फोटोभोवतीची हिरवी चौकट सगळ्यांना दिसते. भरतीवाल्यांपुरतं ठेवलं तरी आपल्याच कंपनीच्या माणसाला ते कधीच दिसणार नाही याची हमी लिंक्डइन देत नाही. तीन, नोकरी डॉट कॉमवर ठराविक कंपन्यांपासून आपली माहिती लपवायची सोय आहे. तिथे सध्याच्या कंपनीचं नाव टाका, आणि समूहातल्या दुसऱ्या कंपन्या असतील तर त्यांचीही टाका.

19 जानेवारी, रविवार

"माझ्याविषयी" या भागाला 2,600 अक्षरांची जागा आहे. मी इंग्रजीत लिहायला बसले आणि तासभर एकच वाक्य खोडत राहिले. दोन वर्षं रोज कस्टमरला इंग्रजीत मेल लिहिते, पण स्वतःबद्दल लिहायचं म्हटलं की हात अडतो.

भाऊ म्हणाला, "ताई, मला सांग ना, त्या ब्रॅकेटच्या वेळी काय झालं होतं? तेव्हा तू रोज रात्री अकराला यायचीस." मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून मी त्याला सगळं मराठीत सांगितलं. बावीस मिनिटं. नंतर ते ऐकलं तर मुद्दे आपोआप वेगळे झालेले होते: काय बिघडलं, कसं शोधलं, काय बदललं, त्यानंतर काय झालं.

1,800 रुपयांच्या मजकुरात लिहिलं होतं: रिजेक्शन कमी करण्यात मोलाचा वाटा.

आता लिहिलं ते असं: एका ब्रॅकेटमध्ये छिद्राची पोझिशन सरकत होती. ड्रिलिंग फिक्श्चरची लोकेटिंग पिन (पार्ट ठरलेल्या जागी बसवणारी) झिजली होती. हार्डन केलेली पिन बसवली, दर 5,000 नगांनंतर पिन मोजायची हे कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कधी तपासायचं याच्या तक्त्यात) घातलं. तीन महिन्यांत रिजेक्शन 2.8 टक्क्यांवरून 0.6 टक्क्यांवर आलं.

अशा तीन घटना लिहिल्या. आधी मराठीत, मग लहान लहान इंग्रजी वाक्यांत. "माझ्याविषयी"च्या पहिल्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात, बाकीच्या उघडाव्या लागतात. म्हणून माझा डिप्लोमा आणि ध्येय खाली नेलं, ब्रॅकेट वर आणलं.

गावाचं नावही दोन्ही प्रकारे लिहिलं, छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद. माझ्या सगळ्या सर्टिफिकेटांवर जुनं नाव आहे, आणि शोधणारा कोणतं नाव टाकेल हे आपल्या हातात नाही.

26 जानेवारी

झेंडावंदन करून आल्यावर स्टुडिओत फोटो काढला, 200 रुपये. कंपनीचा लोगो असलेला शर्ट घालू नका. मी घातला होता, परत घरी जाऊन बदलून आले.

दुपारी त्या ब्रॅकेटचा फोटो टाकला. कामाचा पुरावा दिसावा म्हणून टाकला होता. संध्याकाळी आधीच्या डिपार्टमेंटमधल्या एका वरिष्ठांचा फोन आला: "तो फोटो आत्ताच्या आत्ता काढ." पार्टवर पार्ट नंबर पंच केलेला होता आणि मागे टेबलावर ड्रॉइंगचा कोपरा दिसत होता, त्यावर कस्टमरचं नाव. गोपनीयतेच्या कागदावर मी स्वतः सही केलेली आहे. फोटो साधारण पाच तास तिथे होता. काढला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, कारण हे नोकरीवर बेतू शकलं असतं.

मग ब्रॅकेटच्या मजकुराचं काय, हे त्यांनाच विचारलं. त्यांचं म्हणणं: कस्टमर, पार्ट नंबर, ड्रॉइंग, नगांची संख्या आणि किंमत यातलं काही नको. टक्के आणि पद्धत चालेल. मजकूर राहिला.

पण मग पुरावा कुठून आणायचा? क्वालिटीवाल्यांची हीच अडचण आहे. प्रोग्रॅमर आपला कोड दाखवतो, आर्किटेक्ट नकाशा दाखवतो. आमचं सगळं काम कस्टमरच्या कागदावर होतं.

2 फेब्रुवारी, रविवार

ठरलं. कंपनीशी संबंध नसलेला, स्वतःचा एक एमएसए अभ्यास करायचा आणि तो जोडायचा. गेज आर अँड आर (साधनामुळे आणि मोजणाऱ्यामुळे रीडिंग किती बदलतं ते बघणं), नेहमीचा: 10 नग, 3 मोजणारे, प्रत्येकाने 3 वेळा, म्हणजे 90 रीडिंग. डिजिटल व्हर्निअर 1,350 रुपयांना घेतलं. हार्डवेअरच्या दुकानातून एम10 चे 10 बोल्ट आणले, डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर मोजायचं. मोजणारे: मी, भाऊ आणि शेजारची बारावीतली मुलगी. बोल्टवर नंबर टाकले, पण मोजणाऱ्याला ते दिसू नयेत म्हणून नंबराची बाजू खाली, आणि मी प्रत्येक फेरीत क्रम बदलून नग हातात देत होते. मी मोजत असताना हेच काम भावाने केलं. तीन तास लागले.

निकाल: जीआरआर (एकूण फरकाच्या तुलनेत मोजमापामुळे आलेला फरक) 64 टक्के, एनडीसी (या मोजमापाने नगांचे किती वेगळे गट ओळखता येतात) 1.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी एवढंच: 10 टक्क्यांच्या आत आलं तर मोजमाप चांगलं, 10 ते 30 म्हणजे कामाचं महत्त्व बघून ठरवायचं, 30 च्या वर नापास. एनडीसी किमान 5 हवं. माझा निकाल सपशेल नापास.

4 फेब्रुवारी

दोन दिवस वाटत होतं की चुकलं भावाचं, तो व्हर्निअर जोरात दाबतो. त्याची रीडिंग वेगळी काढून बघितली. थोडा फरक होता, पण एवढा नाही. खरं कारण माझंच. सगळे बोल्ट एकाच पाकिटातले, एकमेकांसारखे. नगांमधला फरक जवळजवळ तेवढाच जेवढा व्हर्निअरचा आणि हाताचा. मग मोजमापाचा वाटा मोठा दिसणारच. नग हे प्रोसेसमध्ये खरोखर जेवढा फरक पडतो तेवढा दाखवणारे असले पाहिजेत. हे मी सप्लायरच्या ऑडिटमध्ये दुसऱ्यांना सांगते आणि इथे स्वतः विसरले.

16 फेब्रुवारी, रविवार

चिकलठाण्याला मावसभावाचं छोटं वर्कशॉप आहे. तो बँडसॉवर 40 मिलिमीटरचे तुकडे कापतो, टॉलरन्स (चालणारा फरक) अधिक-उणे 0.5. आठवडाभर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पाळीत कापलेले 10 तुकडे त्याने बाजूला ठेवले. कापल्याची बर (कडेला उरलेली धातूची कुसळं) काढून घ्यावी लागली, नाहीतर व्हर्निअरचा जबडा बरवर टेकतो. पुन्हा 90 रीडिंग. दाब सारखा राहावा म्हणून भावाला आधी दहा मिनिटं सराव दिला.

जीआरआर 18 टक्के, एनडीसी 7. या टॉलरन्सच्या कामाला चालेल.

दोन्ही अभ्यास चार पानांच्या पीडीएफमध्ये घातले आणि प्रोफाइलच्या "निवडक" भागात लावले. भाऊ म्हणाला, "64 वालं कशाला दाखवतेस?" मी ते ठेवलं. दुसरा आकडा का सुधारला ते पहिल्याशिवाय कळतच नाही. व्हर्निअर तेच, माणसं तीच, बदलले ते नग आणि भावाचा हात.

20 फेब्रुवारी

गेल्या आठवड्यात किती वेळा शोधात आले आणि कोणत्या पदासाठी आले हे लिंक्डइन दाखवतं. माझं येत होतं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून. म्हणजे शोधणारे मला आठ वर्षं मागच्या कामासाठी बघत होते. दोष हेडलाइनचा. तिथे फक्त "क्वालिटी" आणि कंपनीचं नाव होतं, आणि कौशल्यांत सगळ्यात वर व्हर्निअर, मायक्रोमीटर, हाइट गेज.

हेडलाइन बदलली: "सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, मशिनिंग व प्रेस पार्ट, पीपीएपी, 8डी, एमएसए, आयएटीएफ 16949". (8डी म्हणजे तक्रार सोडवायची आठ पायऱ्यांची पद्धत, आयएटीएफ 16949 म्हणजे वाहन उद्योगाचं क्वालिटीचं स्टँडर्ड.) पद खरं लिहिलंय का, यावर बराच विचार केला. माझ्या पत्रावर फक्त क्वालिटी इंजिनिअर आहे. म्हणून अनुभवाच्या नोंदीत पत्रातलंच पद ठेवलं आणि हेडलाइनमध्ये प्रत्यक्ष करते ते काम. गेल्या वर्षी मी सप्लायरचे अकरा ऑडिट केले, तेवढ्या आधारावर हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

व्हर्निअर-मायक्रोमीटर काढून टाकलं नाही, खाली नेलं. वर आणलं ते चाकणच्या पंधरा जाहिराती वाचून, त्यात वारंवार येणारे शब्द वहीत मोजून. पीपीएपी पंधरापैकी तेरा जाहिरातींत होतं. माझ्या रेझ्युमेत ते दुसऱ्या पानावर होतं!

27 फेब्रुवारी

दुपारी फोन. मोठ्या वाहन कंपनीत थेट निवड, मुलाखत नाही, फक्त कागदपत्र तपासणीचे 2,500 रुपये भरा, नंतर परत मिळतील. नोकरी डॉट कॉमवर माहिती ताजी केल्यापासून असा हा तिसरा. पैसे मागितले की फोन ठेवायचा, एवढंच. 1930 या सायबर हेल्पलाइनचा नंबर घरात सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून ठेवला, कारण आईनेही एकदा असा फोन उचलला होता आणि ती माझा जन्मदिनांक सांगून बसली होती.

4 मार्च

पहिला खरा फोन. चाकणच्या एका टिअर-वन (वाहन कंपनीला थेट पार्ट पुरवणाऱ्या) कंपनीच्या एचआरचा. नोटीस पिरिअड किती, सध्याचा पगार किती, अपेक्षा किती, स्थलांतराची तयारी आहे का. चार मिनिटांत संपला. नोटीस पिरिअडच्या रकान्यात मी एक महिना भरलं होतं, पत्रात दोन महिने आहे. भरताना वाटलं होतं, आधी बोलावू तर देत, मग बघू. फोनवर खरं सांगितलं तेव्हा पलीकडे शांतता. "मग प्रोफाइलमध्ये तसंच टाका, मॅडम." त्याच रात्री बदललं. पुढे काही कळलं नाही. हा फोन मी माझ्या हाताने घालवला, असं मला वाटतं.

11 मार्च

दुसरा फोन, दुसऱ्या कंपनीचा, लिंक्डइनवरून. या वेळी दोन महिने दिसतच होते, त्यामुळे तो प्रश्न आलाच नाही. शनिवारी व्हिडिओवर मुलाखत.

15 मार्च, शनिवार

पन्नास मिनिटं. समोर क्वालिटीचे मॅनेजर आणि एक इंजिनिअर. पहिल्या पाच मिनिटांत मॅनेजरांनी पीडीएफ उघडली आणि विचारलं, "64 का आलं?" मी सांगितलं. मग, "दुसऱ्या वेळी मोजणारे तेच, पण एकाला तुम्ही सराव दिला. सुधारणेतला किती भाग नगांचा आणि किती सरावाचा?" हे मी वेगळं काढलेलं नव्हतं. नाही माहीत, असं सांगितलं, आणि वेगळं काढायचं असतं तर आधी त्याच बोल्टवर सराव देऊन पुन्हा मोजलं असतं, असंही सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

मग ब्रॅकेट. "पिन झिजली हे समजलं. पण खराब नग कस्टमरपर्यंत पोचला कसा?" तिथे मी अडखळले. 8डीमध्ये दोन्ही शोधायचं असतं, दोष का झाला आणि तो पकडला का गेला नाही. प्रोफाइलवर मी फक्त पहिलं लिहिलं होतं. आठवून सांगितलं: पोझिशन सीएमएमवर (तिन्ही दिशांनी मोजणाऱ्या मशीनवर) फक्त शिफ्टच्या पहिल्या नगाची बघत होतो, लाइनवरच्या गेजमध्ये छिद्राचा व्यास तपासला जायचा, जागा नाही. नंतर गेज बदललं होतं. म्हणजे काम झालेलं होतं, फक्त मी ते कधी महत्त्वाचं मानून लिहिलं नव्हतं.

रात्री तिन्ही घटनांत "का सुटलं" याची एकेक ओळ घातली. बटण बंद आहे हे दोनदा बघितलं.

22 मार्च, शनिवार

चाकणला प्रत्यक्ष फेरी. पहाटेची एसटी, अर्धं तिकीट, शिक्रापूरला उतरून पुढे चाकण. प्लांट फिरवला, एक खराब पार्ट हातात दिला आणि काय दिसतं ते सांगा म्हणाले. ते प्रोफाइलच्या पलीकडचं आहे, इथे लिहीत नाही.

26 मार्च

तोंडी होकार आला. त्यापाठोपाठ पार्श्वभूमी तपासणीसाठी कागदांची यादी, त्यात पीएफची सर्व्हिस हिस्टरी. यूएएनमधून (पीएफच्या कायम नंबरवरून) काढली आणि घाम फुटला. 2018 ते 2020 या काळात मी प्रोफाइलवर कारखान्याचं नाव लिहिलंय. पीएफमध्ये त्या काळात ठेकेदाराचं नाव आहे. अप्रेंटिसचं वर्ष तर पीएफमध्ये नाहीच, कारण अप्रेंटिसचा पीएफ कापला जात नाही. वाळूजमध्ये माझ्यासारखे शेकड्यांनी आहेत. आपण रोज ज्या गेटमधून आत जातो त्याचंच नाव आपण सांगतो, यात कोणाचा खोटेपणा नसतो. पण तपासणाऱ्याला दोन कागदांवर दोन नावं दिसतात.

लगेच एचआरला स्वतःहून फोन केला, ते विचारायच्या आधी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ठेकेदाराचं नेमणूक पत्र, त्या काळातल्या तीन पगाराच्या पावत्या आणि अप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेट मागितलं. पत्र होतं, सर्टिफिकेट होतं, पावत्या दोनच सापडल्या. तिसरीच्या जागी बँकेचं स्टेटमेंट चाललं. प्रोफाइलवर आणि रेझ्युमेत नोंद अशी बदलली: ठेकेदाराचं नाव मालक म्हणून, आणि पुढे अमुक कारखान्यात नेमणूक. हे 5 जानेवारीला केलं असतं तर एक झोप वाचली असती. पहिल्या दिवशी आधी सर्व्हिस हिस्टरी काढा, तिच्यावरून तारखा भरा.

30 मार्च, गुढीपाडवा

काल रात्री ऑफर लेटर आलं. सकाळी गुढी उभारल्यावर आईने ते देवापाशी ठेवलं.

खर्च: रेझ्युमे लिहून घेतला 1,800, व्हर्निअर 1,350, फोटो 200, बोल्ट 120, झेरॉक्स आणि प्रिंट 90, चाकणची फेरी आणि जेवण 640. एकूण 4,200 रुपये. कोणत्याही साइटचं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व घेतलं नाही. वेळ वहीत लिहिला तेवढा 61 तास, त्यातले साधारण 14 वाया.

उद्या राजीनामा द्यायचा आहे, आणि या वेळी सरांना लिंक्डइनवरून कळायच्या आधी मी स्वतः सांगणार आहे. व्हर्निअर भावाला दिलं. तो आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि त्याने पाकिटातले ते दहा बोल्ट पुन्हा मोजायला घेतलेत, या वेळी सराव करून.